विश्लेषण : ‘आर्गॉन वेल्डिंग’ला आर्गॉनच का लागतो? टिगसाठी गॅस निवडताना नेमके कुठे चुकते?

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आर्गॉनचा सिलिंडर संपतो. माल परवा सकाळी द्यायचा असतो आणि गॅस एजन्सीचे शटर खाली गेलेले असते. शेजारी मिग मशीनला लावलेला मिश्रणाचा सिलिंडर उभा असतो, ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू. ‘यात पण आर्गॉनच आहे की,’ असे म्हणत कुणीतरी टिगची नळी त्याला जोडतो. आर्क पेटते, पण काही सेकंदांत टंगस्टनचे टोक काळेनिळे पडून झिजू लागते. एसएसच्या सांध्यावर चकाकीऐवजी काजळी दिसते आणि ग्राइंडर घेऊन सगळे खरवडून काढावे लागते.

भोसरी असो, शिरोली असो की सातपूर, फॅब्रिकेशनच्या छोट्या शेडमध्ये हा प्रसंग नवा नाही. टिग वेल्डिंगला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘आर्गॉन वेल्डिंग’च म्हणतात, म्हणजे कोणता गॅस लागतो ते नावातच आले. तरीही गॅसच्या निवडीवरून गोंधळ होतो. त्यात कधी पैसे जातात, कधी सांधा जातो आणि क्वचित माणूसही जातो.

गॅस लागतोच कशाला?

टिगमधला ‘टी’ टंगस्टनचा आणि ‘आयजी’ निष्क्रिय वायूचा. टंगस्टनची बारीक कांडी आणि धातू यांच्यात विजेची आर्क पेटते, तिच्या उष्णतेने धातू वितळतो आणि गरज असेल तर बाजूने फिलर रॉड घातला जातो. वितळलेल्या धातूच्या त्या लहानशा डबक्याला हवा लागू द्यायची नाही, हे गॅसचे काम. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. गरम धातूला दोन्ही नकोत. ऑक्सिजनने ऑक्साइड होते, नायट्रोजन अनेक धातूंत छिद्रे पाडतो किंवा त्यांना ठिसूळ करतो, आणि हवेतल्या दमटपणातून येणारा हायड्रोजन वेगळाच त्रास देतो.

जुन्या हाताच्या वेल्डिंगमध्ये, म्हणजे रॉडच्या वेल्डिंगमध्ये, हे काम रॉडवरचा लेप जळून करतो. टिगच्या कांडीवर लेप नसतो. त्यामुळे सिरॅमिक कपातून बाहेर पडणारा गॅस हेच एकमेव पांघरूण.

मग मिगचा गॅस का चालत नाही?

सुरुवातीच्या प्रसंगाचे उत्तर इथे आहे. मिग मशीनमध्ये तारच इलेक्ट्रोड असते आणि ती वितळून सांध्यात जाते. एमएससाठीच्या तारेत सिलिकॉन आणि मँगनीज मुद्दाम घातलेले असतात. सीओटू आर्कमध्ये फुटून त्यातून ऑक्सिजन सुटतो, तो हे दोन घटक पकडतात आणि काचेसारखी पातळ मळी होऊन वर येतात. म्हणून सीओटू तिथे खपून जातो. (सीओटू मुळात निष्क्रिय नाही, तेव्हा त्या प्रक्रियेला ‘मिग’ म्हणणेही काटेकोर बोलायचे तर चूक. पण शेडमध्ये हे कोण ऐकणार?)

टिगमध्ये टंगस्टन वितळायचा नसतो. तो ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून तर आर्क धरायला त्याची निवड झाली. पण टंगस्टनचा ऑक्साइड दीड हजार अंशांच्या अलीकडेच वितळतो आणि उडून जातो. सीओटूमधून सुटलेला ऑक्सिजन तापलेल्या टोकाला लागला की टोक अक्षरशः खाल्ले जाते आणि त्याचे कण सांध्यात पडतात. रेडिओग्राफीत हे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि जॉब परत येतो. मिश्रणात सीओटू २० टक्के असो की ५ टक्के, टिगला तो चालत नाही. सिलिंडर बदलून आणेपर्यंत थांबणे स्वस्त पडते.

आर्गॉनमध्ये असे काय आहे?

आर्गॉन कुणाशीच संयोग करत नाही. १८९४ मध्ये लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्झी यांनी तो हवेतून वेगळा केला आणि आळशी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. हवेत तो ०.९३ टक्के, म्हणजे जवळपास एक टक्का आहे. सीओटूपेक्षा कितीतरी जास्त.

वेल्डरला त्याचे तीन गुण उपयोगी पडतात. तो हवेच्या सुमारे १.४ पट जड असल्याने सपाट जॉबवर बसून राहतो. त्यात आर्क चटकन पेटते आणि कमी अँपिअरलाही स्थिर राहते, म्हणून पातळ पत्रा जळत नाही. आणि ॲल्युमिनियमवर एसी करंटने काम करताना तो ऑक्साइडचा थर फोडायला मदत करतो. हा तिसरा गुण मोठा आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे. थर फुटला नाही तर आत धातूचे पाणी आणि वर न वितळलेली साय, अशी गत होते.

एमएस, एसएस, ॲल्युमिनियम, तांबे, टायटॅनियम, सगळ्यांना शुद्ध आर्गॉन चालतो. रेलिंग, टाक्या, हॉटेलच्या किचनची टेबले, सायलेन्सर, मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या शेडने दुसऱ्या गॅसचा विचार केला नाही तरी बिघडत नाही. मिश्रणे लागतात ती विशिष्ट अडचणीसाठी. ती अडचण आपली आहे का, हे आधी पाहावे लागते.

हेलियम कधी घ्यावा?

गंमत अशी की टिगची सुरुवात आर्गॉनने झालीच नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत नॉर्थरॉप विमान कंपनीत रसेल मेरिडिथ मॅग्नेशियमची विमाने जोडण्याच्या खटपटीत होते. मॅग्नेशियम हवेत पेट घेते, म्हणून त्यांनी टंगस्टनच्या आर्कभोवती हेलियम सोडला. पद्धतीचे नाव पडले ‘हेलिआर्क’. आर्गॉनने त्याची जागा नंतर घेतली.

हेलियमचा आपल्याकडचा धागा त्याहून जुना आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या वर्णपटाची निरीक्षणे घेतली. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’ याच ग्रहणाशी जोडले जातात आणि तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. नॉर्मन लॉकयर यांचे नाव तिथे हमखास घेतले जाते. त्यांनी मात्र ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली होती. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, पुन्हा रॅम्झी यांनाच.

शेडमध्ये हेलियमचा उपयोग एकच : जास्त उष्णता. त्यात आर्कला जास्त व्होल्टेज लागते, आणि तो आर्गॉनच्या सुमारे आठपट चांगला उष्णतावाहक आहे. साधारण ६ मिलिमीटरच्या पुढचे ॲल्युमिनियम किंवा जाड तांबे घ्या. हे धातू उष्णता इतक्या वेगाने पळवतात की शुद्ध आर्गॉनमध्ये अँपिअर कितीही वाढवले तरी डबके तयार व्हायला वेळ लागतो. आर्गॉनमध्ये २५ ते ७५ टक्के हेलियम असलेले मिश्रण इथे कामाला येते, वेग वाढतो आणि आधी जॉब तापवण्याची गरज कमी होते.

किंमत मात्र दोन्हीकडून लागते. भारत हेलियम जवळपास पूर्ण आयात करतो. शिवाय तो हवेच्या एक सप्तमांश वजनाचा असल्याने वर उडून जातो. तेवढेच आच्छादन हवे असेल तर दुप्पट-तिप्पट प्रवाह सोडावा लागतो. शुद्ध हेलियममध्ये आर्क पेटायलाही कुरकुर करते. महिन्यातून एखादा जाड जॉब येणार असेल तर तो गॅसच्या बर्नरने आधी तापवून घेणे परवडते.

हायड्रोजन घातला तर?

या मिश्रणात फायदा मोठा आणि चूकही मोठी. आर्गॉनमध्ये २ ते ५ टक्के हायड्रोजन घातला की आर्क गरम आणि टोकदार होते, वेग वाढतो आणि एसएसचा सांधा जास्त स्वच्छ, चकचकीत निघतो. ३०४ आणि ३१६ या नेहमीच्या ग्रेडवर ट्यूब मिलमध्ये किंवा ऑटोमॅटिक वेल्डिंगमध्ये हे मिश्रण मुद्दाम वापरतात.

पण तोच सिलिंडर चुकून ॲल्युमिनियमला लागला तर? वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर विरघळवते, गोठताना तो मावत नाही आणि सांध्यात मुंगीच्या वारुळासारखी छिद्रे राहतात. कडक होणाऱ्या पोलादात हायड्रोजन शिरला तर भेग लगेच दिसत नाही, काही तासांनी किंवा दोन दिवसांनीही येते. तोवर जॉब रंगवून गाडीत चढलेला असतो. एमएस, फेरिटिक आणि मार्टेन्सिटिक एसएस, डुप्लेक्स, टायटॅनियम, सगळ्यांना हायड्रोजन वर्ज्य. ज्या शेडमध्ये एकाच टिग मशीनवर सकाळी एसएस आणि दुपारी ॲल्युमिनियम चालते, तिथे हा सिलिंडर न आणलेलाच बरा.

नायट्रोजनची जागा आणखी अरुंद. डुप्लेक्स एसएसची ताकद आणि गंजरोधकपणा त्याच्या आतल्या नायट्रोजनवर अवलंबून असतो आणि वेल्डिंगमध्ये तो थोडा उडून जातो. तो भरून काढायला आर्गॉनमध्ये दोनेक टक्के नायट्रोजन देतात. रसायन कारखान्याचे काम घेतले नसेल तर याची गाठ पडत नाही.

दुधाच्या पाइपच्या आत काय दिसते?

गॅसची निवड म्हटले की सगळे टॉर्चकडे बघतात. डेअरी आणि औषध कारखान्यांच्या कामात मात्र खरी परीक्षा सांध्याच्या मागच्या बाजूला असते. एसएसच्या पाइपला बाहेरून टिग केले की आतला भागही तितकाच तापतो आणि तिथे आर्गॉन नसेल तर साधी हवाच असते. मग आत काळी, खडबडीत, दाणेदार पपडी तयार होते. वेल्डर तिला ‘शुगरिंग’ म्हणतात. दिसते ती खरेच जळालेल्या साखरेसारखी.

बाहेरून सांधा देखणा असतो. आत मात्र त्या खडबडीत जागेवर दूध अडकते, धुण्याचे रसायन पोचत नाही आणि जंतूंना घर मिळते. त्या ठिकाणचे क्रोमियम जळून गेल्याने गंजही तिथूनच सुरू होतो. एका सांध्यापायी टँकरभर दूध नासू शकते आणि दोष मात्र चिलिंगवर ढकलला जातो.

उपाय म्हणजे पर्जिंग. पाइपची दोन्ही टोके बंद करून एका बाजूने आर्गॉन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा बाहेर जाऊ द्यायची आणि आतला ऑक्सिजन पुरेसा उतरल्यावरच आर्क पेटवायची. आर्गॉन जड असल्याने तो खालून सोडून हवेला वरून वाट दिली तर काम लवकर होते. चांगल्या ठिकाणी हे अंदाजाने करत नाहीत, ऑक्सिजन मीटर लावतात. सांधा झाल्यावर आतला रंग बघायचा : चंदेरी किंवा फिकट पिवळा असेल तर ठीक, निळा असेल तर गॅस कमी पडला, करडा-काळा असेल तर कापून पुन्हा. ३०४, ३१६ च्या पर्जिंगला काही ठिकाणी स्वस्त नायट्रोजनही वापरतात. टायटॅनियमला तो अजिबात चालत नाही.

निम्म्या तक्रारी गॅसच्या नसतातच

‘गॅस खराब आला’ ही एजन्सीकडे नेहमी येणारी तक्रार. कधी ती खरीही असते. पण आधी डोक्यावरचा पंखा बघावा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याशिवाय कुणी काम करणार नाही हे खरे, पण ताशी सात-आठ किलोमीटरचा वारासुद्धा आर्गॉनचे पांघरूण उडवून नेतो.

मग सांधा काळा पडतो म्हणून फ्लोमीटर वाढवला जातो. इथे दुसरी चूक. ६ नंबरच्या कपाला (कपाचा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग, तेव्हा ६ नंबर सुमारे साडेनऊ मिलिमीटर) मिनिटाला सात ते दहा लिटर पुरतात. वीस-पंचवीस सोडले की प्रवाह घुसळू लागतो आणि बाहेरची हवा स्वतःच आत ओढतो. हिशेबही पाहा. ४७ लिटर क्षमतेच्या, १५० बार दाबाने भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर आर्गॉन असतो. मिनिटाला दहा लिटरने तो साडेअकरा तासांच्या वर चालतो, वीसने जेमतेम सहा तास. पैसे दुप्पट आणि सांधा आणखी वाईट.

नळीला बारीक चीर, टॉर्चच्या मागचे सैल बूच, झिजलेली रिंग यांतूनही हवा शिरते. आर्क विझल्यावर लगेच टॉर्च उचलली तर तापलेले टोक आणि सांध्याचा शेवट उघडा पडतो. दर दहा अँपिअरला साधारण एक सेकंद गॅस चालू ठेवायचा असतो.

शुद्धतेचे काय? वेल्डिंगचा आर्गॉन साधारण ९९.९९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध असतो. म्हणजे सात हजार लिटरमध्ये फार तर एक पेलाभर भेसळ, ३५० मिलिलिटर. एसएस आणि ॲल्युमिनियमला एवढे पुरते. टायटॅनियमला ९९.९९९ टक्के मागतात, कारण तो धातू सव्वाचारशे अंशांच्या वर हवा शोषू लागतो. त्याच्या सांध्यामागे थंड होईपर्यंत वेगळा गॅस सोडत जावे लागते. रेलिंगच्या कामासाठी त्या दर्जाचा गॅस घेणे म्हणजे गाडी धुवायला बिसलेरी आणणे.

सिलिंडरच्या रंगावरही विसंबून राहू नये. आर्गॉनचा निळा सगळ्यांच्या ओळखीचा, पण रंग उडतात, सिलिंडर पुन्हा रंगवले जातात आणि मिश्रणे नुसत्या रंगावरून कळत नाहीत. लेबल वाचावे. आयएसओ १४१७५ या मानकात आय१ म्हणजे शुद्ध आर्गॉन, आय२ हेलियम, आय३ दोघांचे मिश्रण, आर१ म्हणजे हायड्रोजन मिसळलेला आर्गॉन आणि सी१ म्हणजे सीओटू. लेबलवर ‘एम’ने सुरू होणारा कोड असेल तर तो मिगचा, टिगला लावायचा नाही. सिलिंडरचे भरणे, साठवण आणि वाहतूक २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येते आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे.

आर्गॉनची टंचाई कुठून येते?

आर्गॉनचा वेगळा असा कारखाना क्वचितच असतो. हवा द्रवरूप होण्याइतकी थंड करून तिचे घटक वेगळे काढतात. नायट्रोजन उणे १९६, आर्गॉन उणे १८६ आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. आर्गॉन आणि ऑक्सिजनमध्ये जेमतेम तीन अंश, म्हणून वेगळा करणे कटकटीचे. हे परवडते ते मोठ्या प्लांटमध्ये, विशेषतः पोलाद कारखान्यांना ऑक्सिजन पुरवणाऱ्या. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला आणि आर्गॉन-नायट्रोजनचे टँकरसुद्धा ऑक्सिजनसाठी बदलून घेतले गेले. आर्गॉनची नाडी ऑक्सिजनच्या हातात कशी असते, हे तेव्हा दिसले.

निष्क्रिय गॅस जीव कसा घेतो?

आर्गॉन विषारी नाही, जळत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. धोका नेमका यातच आहे. तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो.

समजा, दोन हजार लिटरच्या एसएस टाकीत माणूस आतून वेल्डिंग करतो आहे आणि मिनिटाला दहा लिटर आर्गॉन सुटतो आहे. तासाभरात सहाशे लिटर. हवेत तो सारखा मिसळला असे धरले तरी टाकीतला ऑक्सिजन २१ वरून साडेपंधरा टक्क्यांपर्यंत उतरतो. १९.५ च्या खाली जागा धोक्याची मानतात. प्रत्यक्षात आर्गॉन जड, तो तळाशी साचतो आणि वेल्डर तळाशीच वाकलेला असतो. जेवायला जाताना टॉर्च किंवा पर्जिंगची नळी आत चालूच राहिली तर परतल्यावर ती टाकी सापळा झालेली असते.

गुदमरल्याची जाणीव होईल आणि बाहेर पडता येईल, हा गैरसमज आहे. श्वास कोंडल्याची भावना शरीराला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. आर्गॉनमध्ये माणूस नेहमीसारखा श्वास घेत, सोडत राहतो. ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या खाली गेला की भोवळ, सहाच्या खाली काही श्वासांतच शुद्ध हरपते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३६ यासाठीच होते : तपासणी झाल्याशिवाय बंदिस्त जागेत उतरायचे नाही. आत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मीटर दोरीने तळापर्यंत सोडून वाचायचा, काम चालू असताना ब्लोअरने ताजी हवा द्यायची (ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून मुळीच नाही, कारण कपडे क्षणात पेट घेतात), आणि सुट्टीत टॉर्च आणि नळी दोन्ही बाहेर काढून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मॅनहोलपाशी एक माणूस उभा हवा आणि आतल्या माणसाच्या अंगात पट्टा व दोर हवा. आतला माणूस पडला तर वरच्याने दोर ओढायचा आणि मदतीला हाक मारायची. श्वसनयंत्र लावल्याशिवाय त्याने स्वतः आत उतरायचे नाही, कारण खाली हवा तीच असते.